मेनोपॉजनंतर 16:8 केलं, 3 किलो उतरले आणि मग काटा हलेना. आता 18:6 करू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ताईंचं वय 54, पाळी जाऊन 4 वर्षं झाली, उंची 5 फूट 1 इंच, वजन 71 किलो होतं. गेले 5 महिने दुपारी 12 ते रात्री 8 एवढ्यातच खायचं आणि बाकी 16 तास उपास, असं चालू आहे. पहिल्या दोन महिन्यांत 3 किलो उतरले, तेव्हापासून काटा 68 वर अडकलाय. केस मुठीने गळतायत, सकाळी ॲसिडिटी होते, रात्री 3 ला जाग येते. थायरॉईडची गोळी चालू आहे, शुगर नाही, अंडं चालतं पण मासे-मटण नाही, आणि सकाळी भूक मारायला दोनदा ब्लॅक कॉफी घेतात. विचारतायत की विंडो, म्हणजे खायची वेळ, अजून कमी करून 18:6 करू का, की सरळ एकच वेळ जेवू.

ताई, 18:6 नको, आणि एकच जेवण तर अजिबात नको. पण फास्टिंग पूर्ण बंद करा असंही मी म्हणत नाहीये, जरा थांबा, सगळं सांगते. गेली 22 वर्षं पुण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करतेय, येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायका 45 ते 65 मधल्या, आणि माझी स्वतःची पाळी 49 ला गेली तेव्हा हे सगळे उद्योग मीपण करून बसलेय.

आधी फास्टिंगनं वजन उतरतं कसं ते बघू, कारण इथेच सगळा घोळ आहे. खायची वेळ कमी झाली की आपोआप दोनचार गोष्टी पोटात जात नाहीत, सकाळचा चहा-खारी गेला, रात्री टीव्हीसमोरचा चिवडा गेला, म्हणजे दिवसाचं 200-300 कॅलरी खाणं कमी झालं, झालं वजन कमी. बस, एवढंच. 2020 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी 116 जणांवर अगदी तुमचंच वेळापत्रक तपासलं, दुपारी 12 ते रात्री 8, असे 12 आठवडे. 16:8 वाल्यांचं वजन सरासरी 900 ग्रॅमच्या आसपास उतरलं आणि तीन वेळा खाणाऱ्यांचं 700 च्या आसपास, म्हणजे फरक जवळपास नाहीच. 2022 मध्ये चीनमधल्या ग्वांगझूत 139 लठ्ठ लोकांवर वर्षभर प्रयोग झाला, दोन्ही गटांना कॅलरी सारख्याच कमी दिल्या होत्या, फक्त एका गटाने सकाळी 8 ते दुपारी 4 मध्येच खायचं होतं. त्यांचे 8 किलो उतरले, दुसऱ्यांचे 6.3, आणि हा फरक योगायोगाने पडू शकतो एवढाच होता. तर फास्टिंग म्हणजे कमी खायची एक सोय आहे, कुणाला जमते कुणाला नाही, त्याच्यात वेगळी शक्ती वगैरे नाही.

पण त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या अभ्यासात एक गोष्ट होती जी मी प्रत्येक पन्नाशीच्या बाईला सांगते. त्यातल्या काही जणांचं शरीर मशीनवर मोजलं होतं, चरबी किती, बाकी किती. 16:8 वाल्यांचं जे 1.7 किलो उतरलं त्यातलं 1.1 किलो चरबी नव्हतंच, स्नायू-पाणी वगैरे होतं. एरवी डाएट केल्यावर उतरलेल्या वजनातला साधारण पाव भाग असा जातो, इथे निम्म्याहून जास्त गेला. आता हे तुमच्या वयाला लावून बघा. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी झालं की स्नायू आणि हाडं दोन्ही झिजायला लागतात, हाडांची झीज तर पाळी गेल्यावरच्या पहिल्या काही वर्षांतच सगळ्यात जोरात असते, आणि आपल्याकडे पाळी सरासरी 46-47 लाच जाते म्हणजे आपली ही झीज लवकर सुरू होते. अशा वेळी काट्यावर 3 किलो कमी दिसले म्हणून पेढे वाटायचे की त्यातलं नेमकं काय गेलं हे विचारायचं?

"मेनोपॉजनंतर मेटाबॉलिझम बंद पडतो" हे वाक्य तुम्हीपण ऐकलं असणार. 2021 मध्ये 29 देशांतल्या 6,400 हून जास्त लोकांची मोजमापं एकत्र केली गेली, त्यात दिसलं की शरीराच्या आकाराच्या हिशोबाने बघितलं तर 20 ते 60 या वयात मेटाबॉलिझम जवळपास सारखाच राहतो, बायकांचासुद्धा, घसरण साठीनंतर. मग वजन का वाढतं, तर स्नायू कमी झालेले असतात, झोप गेलेली असते, मुलं बाहेरगावी गेल्यामुळे धावपळ कमी होते, गुडघे बोलायला लागतात म्हणून आपण जिना टाळतो. आणि चरबी आधी मांड्या-कुल्ह्यांवर जायची ती आता पोटावर बसते, हा मात्र खराखुरा हार्मोनचा प्रताप. म्हणून वजनाबरोबर कंबर मोजा, भारतीय बाईसाठी 80 सेंटिमीटरच्या आत चांगली. महिनाभर काटा हलला नाही पण कंबर 2 सेंटिमीटर उतरली तर तो महिना फुकट गेला असं मी मानत नाही.

आता तुमच्या ताटाकडे येते. तुम्ही लिहिलंय दुपारी 12 ला 2 पोळ्या, भाजी, थोडा वरणभात, कोशिंबीर. 4 ला चहा आणि एखादं फळ. साडेसातला भाकरी, पालेभाजी, ताक. ऐकायला किती साधं सात्त्विक, आणि कॅलरीही फार नाहीत. पण प्रोटीन मोजा. पोळीत 3 ग्रॅम, म्हणजे दोनचे 6, पातळ वरणाच्या वाटीत 4-5, भातभाजीचे 4, चहातल्या दुधाचे 2, रात्रीच्या जेवणाचे ओढूनताणून 8-10. एकूण 25 च्या आसपास, फार तर 30 ग्रॅम. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि राष्ट्रीय पोषण संस्थेचा 2020 चा आकडा आहे किलोमागे 0.83 ग्रॅम, आणि तो सर्वसाधारण निरोगी माणसासाठी, वजन उतरवणाऱ्या पन्नाशीपुढच्या बाईला मी 1 ते 1.2 धरते, म्हणजे तुम्हाला 65-70 ग्रॅम तरी पाहिजे. तुम्ही निम्म्याच्याही खाली आहात! यात 18:6 केलं तर हे 30 चे 22 होतील. केस मुठीने गळतायत त्याचं उत्तर बहुतेक इथेच आहे, वजन भरभर उतरल्यावर किंवा खाणं तुटल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, लगेच नाही, त्यामुळे माणूस शाम्पूला दोष देत बसतो.

बहुतेक म्हटलं कारण दुसरा संशय कॉफीवर आहे, आणि हे मला तुमचा प्रश्न वाचताक्षणी खटकलं. थायरॉईडची गोळी किती वाजता घेता आणि कॉफी किती वाजता? माझ्याकडे महिन्याला एक तरी बाई अशी येते जी 6 ला गोळी घेते आणि सव्वासहाला कॉफी, कारण कॉफी "फास्टमध्ये चालते" असं व्हिडिओत सांगितलेलं असतं. उपासाला चालत असेल, गोळीला चालत नाही. कॉफीमुळे ती गोळी नीट शोषली जात नाही, डोस तोच राहतो आणि टीएसएच, म्हणजे थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा, चढत जातो, मग वजन अडकणं, केस गळणं, थकवा, सगळं ओळीने. गोळी साध्या पाण्यासोबत, मग किमान अर्धा तास, शक्यतो एक तास काही नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तर तिच्यापासून 4 तास लांब. विंडो छोटी केली की या सगळ्या गोळ्यांची गर्दी होते, हे कुणी सांगत नाही. फास्टिंग सुरू केल्यापासून टीएसएच केलेलाच नसेल तर आधी तो करा, सोबत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी12 आणि डी व्हिटॅमिन. हे न बघता विंडोशी खेळण्यात काही अर्थ नाही.

बरं, मग फास्टिंग ठेवायचं तर कसं. तुमची विंडो चुकीच्या टोकाला लागलीये असं माझं मत आहे. 12 ते 8 सगळे का करतात, तर सकाळचं टाळणं सोपं आणि रात्रीचं घरच्यांबरोबर जेवता येतं. शरीराचं गणित उलटं आहे, साखर पचवायची ताकद सकाळी जास्त आणि रात्री कमी. 2018 मध्ये अमेरिकेत डायबेटिसच्या उंबरठ्यावरच्या 8 पुरुषांना 5 आठवडे दुपारी 3 च्या आत दिवसभराचं खाणं संपवायला लावलं, वजन उतरलं नाही तरी इन्सुलिनचं काम सुधारलं. आठच माणसं, आणि तीही पुरुष, म्हणून मी त्याचा झेंडा घेऊन फिरत नाही, पण आपल्याकडे चौविहार पाळणारी जैन कुटुंबं सूर्यास्ताच्या आत जेवतातच की, त्यातल्या बायकांना तुम्ही विचारून बघा रात्री छातीत जळजळतं का.

माझा सल्ला, सकाळी साडेनऊ-दहा ते संध्याकाळी सात. 14-15 तासांचा उपास आपोआप होतो, त्यातले निम्मे झोपेत जातात. आता तुम्ही म्हणाल सातला जेवून घेतलं तर घरचं कोण वाढणार, हे 9 ला येतात. ताई, हाच खरा प्रश्न आहे, आपल्या बायकांचं खाणं घड्याळावर चालत नाही, घरच्यांवर चालतं. सगळ्यांना वाढून शेवटी जेवायचं, आणि मग पातेल्यात उरलेली दोन डाव भाजी, नातवाच्या ताटातली अर्धी पोळी, टाकवत नाही म्हणून पोटात. त्या उरलेल्याचीच दिवसाला 150-200 कॅलरी होते आणि ती कुठल्याच ॲपमध्ये लिहिली जात नाही. तुमचा काटा 68 ला अडकलाय त्यात याचा हात असणार असं मला दाट वाटतं. स्वतः सातला जेवा, 9 ला त्यांच्यासोबत पाण्याचा पेला घेऊन बसा, किंवा नुसत्या बसा, गप्पा मारा. पहिला आठवडा घरात कुरकुर होईल. मग होते सवय.

ताट कसं, तर उदाहरण देते, हेच करा असं नाही. दहाला मुगाची किंवा बेसनाची 2 धिरडी, आत 50 ग्रॅम पनीर किसून, झाले 20-21 ग्रॅम. दीड-दोनला ज्वारीची भाकरी, मटकीची किंवा चवळीची घट्ट उसळ मोठी वाटी, भाजी, वाटीभर दही, हे पण 20 च्या घरात. 5 ला मूठभर फुटाणे किंवा कपभर दूध, हे 5-6. पावणेसातला भाजीत 25 ग्रॅम सोया वडी किंवा 2 अंड्यांची भुर्जी, भाकरी, ताक, 18-20. झाले की 65! पिठलं करता तेव्हा ते भाजी समजून चमचाभर वाढून घेऊ नका, 40 ग्रॅम बेसनात 8-9 ग्रॅम प्रोटीन असतं, वाटीभर घ्या आणि भाकरी एक कमी करा. चक्का माझा फार आवडता, श्रीखंडाचा नाही, नुसता, त्यात जिरं-मीठ-काकडी. एवढं करून जमत नसेल तर क्रिएटिनिन ही किडनीची तपासणी नॉर्मल आहे बघून प्रोटीन पावडरचा एक स्कूप घेतला तरी मला काही वावगं वाटत नाही. "पावडर म्हणजे जिमवाल्यांचं" हे मनातून काढा.

कॅल्शियमचं पण तसंच, पाळी गेलेल्या बाईला आपल्याकडे रोज 1200 मिलिग्रॅम सांगितलंय. दोन कप दूध, वाटीभर दही, 50 ग्रॅम नाचणी, चमचाभर तीळ, एवढं सगळं घेतलं तरी 900-1000 पर्यंत मजल जाते, म्हणजे छोट्या विंडोत हे बसवताना नाकी नऊ येतात. गोळी लागली तर एका वेळी 500 पेक्षा जास्त नको, शरीर तेवढंच नीट घेतं.

चालणं तुम्ही लिहिलंय रोज 40 मिनिटं. छान, सोडू नका, पण चालण्याने स्नायू टिकत नाहीत हो, त्यांना वजन उचलायला लागतं. आठवड्यातून 3 दिवस 20 मिनिटं, खुर्चीतून हात न टेकता उठबस, भिंतीला हात लावून पुशअप, दोन-दोन किलोचे डंबेल नाहीतर तांदळाच्या पिशव्या. आज हात छातीशी बांधून 30 सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं ते मोजून कॅलेंडरवर लिहा, महिन्याने परत मोजा. वजन उतरतंय आणि हा आकडापण उतरतोय तर आपण चुकीचं काहीतरी जाळतोय. गुडघे फारच दुखत असतील तर फिजिओथेरपिस्टला दाखवून मगच सुरू करा.

रात्री 3 ची जाग आणि सकाळची ॲसिडिटी, दोन्हीला रिकाम्या पोटावरच्या दोन कॉफ्या खतपाणी घालत असाव्यात. कॉफी एक करा आणि ती धिरड्यांनंतर. हॉट फ्लॅश येऊन, म्हणजे अचानक अंग तापून घाम सुटून, झोप मोडत असेल तर त्यासाठी गायनॅककडे जा, त्यावर चांगले उपचार आहेत, सहन करत बसायचं कारण नाही. झोप 5 तासांवर आली की दुसऱ्या दिवशी भूक आणि गोडाची ओढ इतकी वाढते की कुठलंच डाएट टिकत नाही, माझ्याच बाबतीत झालं होतं, तेव्हा मी आधी झोप बघितली आणि डाएट दोन महिने बाजूला ठेवलं.

तुम्ही हार्मोनचंपण विचारलंय, फास्टिंगने ते बिघडतात का. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातल्या क्रिस्टा वॅराडी यांच्या टीमने 2022 मध्ये पाळी चालू असलेल्या आणि गेलेल्या अशा थोड्याच बायकांना 8 आठवडे 4 ते 6 तासांच्या विंडोवर ठेवलं होतं, इस्ट्रोजेन वगैरे हललं नाही, डीएचईए नावाचं एक हार्मोन 14 टक्क्यांच्या आसपास उतरलं पण तेही नॉर्मलमध्येच राहिलं. त्यामुळे या कारणासाठी घाबरू नका. आणि 2024 मध्ये "8 तासांच्या विंडोने हार्टचा धोका 91 टक्के वाढतो" हा मेसेज फिरत होता त्यानेपण घाबरू नका, ते अमेरिकेतल्या 20,000 लोकांच्या दोन दिवसांच्या खाण्याच्या आठवणीवर बेतलेलं होतं, कमी वेळात खाणारे आधीच आजारी नव्हते कशावरून? आणि हो, ऑटोफेजी, म्हणजे पेशींनी आपलाच कचरा साफ करणं. 2016 चं नोबेल योशिनोरी ओसुमींना मिळालं ते यीस्टवर केलेल्या कामासाठी. 16 तास झाले की शरीर आतून धुऊन निघतं असं कुणी तुमच्या स्वयंपाकघरात येऊन मोजलेलं नाही.

दीक्षित डाएटबद्दल विचारणारच तुम्ही, महाराष्ट्रात ते विचारल्याशिवाय हा विषय संपत नाही. कै. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या भाषणातून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घेतलेलं दोन जेवणांचं सूत्र, 55 मिनिटांत जेवण संपवायचं आणि रोज 45 मिनिटं चालायचं. सतत काहीतरी चरणाऱ्या कितीतरी लोकांना त्याने फायदा झालेला मी बघितलाय, उगाच नावं ठेवणार नाही. पण तुमच्या वयाच्या बाईने करायचं तर दोन्ही ताटांत 30-30 ग्रॅम प्रोटीन बसलं पाहिजे आणि शाकाहारी ताटात ते बसवताना पोट गच्च होतं, बहुतेक जणी दुसऱ्या जेवणाला पोळीभाजीवर येतात. त्यामुळे मी तीनदा बसवते.

तुम्हाला शुगर नाही हे बरंय, पण हे वाचणाऱ्या बाकीच्या मैत्रिणींसाठी लिहून ठेवते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास लांबवायचा नाही. घाम सुटला, धडधडलं, तर हॉट फ्लॅश समजून पंखा लावून बसू नका, आधी ग्लुकोमीटर काढा, शुगर उतरल्यावर अगदी असंच होतं आणि या वयात हमखास गल्लत होते. डापाग्लिफ्लोझिनच्या गटातल्या गोळ्यांवर लांब उपास तर वेगळाच धोका, रक्तात आम्ल वाढू शकतं आणि तेव्हा शुगर फार चढलेली दिसतही नाही. पित्ताशयात खडे असतील, हाड मोडून ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होणं) निघाला असेल, किंवा आधी कधी खाण्याशी वैर होऊन गेलं असेल, त्यांनीपण हे करू नये. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर परत थोडं जरी रक्त दिसलं तर डाएट वगैरे सोडा, तडक गायनॅक.

शेवटचं, संकष्टी आणि एकादशीचं. एकादशी दुप्पट खाशी हे आपल्याच लोकांनी म्हणून ठेवलंय ते उगाच नाही, साबुदाण्यात प्रोटीन जवळपास शून्य, त्यावर बटाटा, तूप, साखर, आणि दुपारी दोनला डोळे मिटायला लागतात. उपास मोडा असं मी म्हणणार नाही, माझी आईपण धरायची. पण त्या दिवशी राजगिऱ्याची भाकरी किंवा थालीपीठ, दही, पनीर, शेंगदाण्याची आमटी, दूध असं ठेवा. संकष्टीला चंद्रोदय रात्री उशिरा असतो, तेव्हा महिन्यातून एक दिवस विंडो हुकली तर हुकली, मोदक एकच घ्या आणि दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून 20 तास उपाशी राहू नका.

आता मला एवढं पाठवा, टीएसएच आणि फेरिटिनचे रिपोर्ट, कंबरेचं माप, खुर्चीचा तो आकडा, आणि तीन दिवसांचं खाणं, चहा-कॉफी आणि पातेल्यातल्या उरलेल्यासकट.